येतो म्हणून गेलेली युनिटं

मनुबाईचं बंद पडलेलं रेशन पुन्हा सुरू झालं. तांदूळ मिळाला, गहू मिळाले, मशीनने पावती फाडली आणि शासन व मनुबाई यांच्यातला वाद मिटला.

आता हे विसरून जा. असं काही अजून झालेलंच नाही. मनुबाई आत्ता चिंचकोंडाच्या रेशन दुकानात रिकामी पिशवी घेऊन उभी आहे, आणि मशीन तिला ओळखत असूनही ओळख देत नाहीये.

"काकी, अंगठा चाललाय," सगुणा म्हणाली. "तूच चालत न्हायस."

दुकान महिला बचत गटाचं होतं, म्हणजे सगुणाचं होतं. गटातल्या बाकीच्या बायका उद्घाटनाच्या फोटोपुरत्या आल्या होत्या.

"चालत न्हाय म्हंजे?"

"म्हंजे अंगठा तुझाच हाय, हे ह्या मशीनला पटलंय. पण धान्य द्यायचं न्हाय म्हणते. अपात्र."

"कोण अपात्र?"

"कार्ड."

"कार्ड कुठं जेवतंय?"

सगुणाने मशीन उलटसुलट करून पाहिलं. मशीनला असलं काही कोणी विचारत नाही.

रेशनच्या भाषेत माणसाला युनिट म्हणतात. मनुबाईच्या कार्डावर चार युनिटं होती. एक नवरा अंबाजी, एक ती स्वतः, एक न्हावा शेव्याला बंदरात कामाला असलेला मुलगा सुजित, आणि एक त्याच्याबरोबर तिकडेच राहणारी सून नूतन. धान्य तिच्या एकटीचंच निघायचं, कारण आधारला जोडलेला अंगठा तिचा एकटीचाच होता. पण सगुणाला स्क्रीनवरचं सगळं मोठ्याने वाचायची सवय होती. दर महिन्याला ती हजेरी घ्यावी तशी वाचायची, "अंबाजी, मनुबाई, सुजित, नूतन. चार युनिट, देय एक." मनुबाई तांदळासाठी जायचीच, पण तेवढं ऐकून झाल्याशिवाय ती पिशवीचं तोंड उघडायची नाही. विजेच्या मीटरवरही युनिटंच असतात, आणि मनुबाईचा मीटर जेमतेम हलायचा. वायरमनच्या हिशोबाने त्या घरात कोणीच राहत नव्हतं. रेशनच्या हिशोबाने चौघं राहत होते. मनुबाई रेशनच्या बाजूची होती.

"कचेरीत जा," सगुणा म्हणाली. "तोवर माझ्यातले थोडे तांदूळ ने. आणि काकी, तिथं जास्त बोलू नकोस."

हा सल्ला फार उशिरा मिळाला होता. जे बोलायचं ते मनुबाई आधीच बोलून बसली होती.

तालुक्याच्या पुरवठा शाखेत अनुया नावाची तरुण क्लार्क होती. श्रीवर्धनची, घरची सुपारीची वाडी, आणि आवाज असा की समोरच्याला आपण चुकून देवळात आलो असं वाटावं. तिने नंबर घातला आणि वाचलं.

"आजी, गावात पडताळणी झाली होती ना? त्यात आहे. मुलगा सुजित, बंदरात नोकरी, शेरा: 'येतो'. म्हणजे तो तुमच्यातच धरलाय. त्याचा पगार घरात धरला की कार्ड बसत नाही."

"बसत न्हाय म्हंजे?"

"म्हणजे घरात कमावता माणूस आहे. मग शासन कशाला धान्य देईल?"

"पगाराचं मला म्हाईत न्हाय, बाय. तो येतो, येवढं खरं."

"शेवटचा कधी आला होता?"

"गणपतीत."

"यंदाच्या?"

मनुबाईने पदर सारखा केला. "गणपतीत," ती पुन्हा म्हणाली.

अनुयाने तो प्रश्न सोडून दिला. "आणि कुटुंबप्रमुख अंबाजी धाडवे. शेरा: 'बाहेरगावी, येणार आहेत'. कुठे गेलेत आजोबा?"

"वारले."

अनुयाने स्क्रीनकडे पाहिलं, मग मनुबाईकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. दोघांत खरं कोण बोलतंय हे तिला ठरवता येईना.

झालं होतं ते असं. चिंचकोंडात घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. 'जातो' म्हणणं अभद्र. तो 'येतो' म्हणतो, आणि मागे राहणारा 'ये हां' म्हणतो. निम्मं गाव असंच 'येतो, येतो' म्हणत मुंबईला आणि न्हावा शेव्याला रिकामं झालं. नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवला, तर चिंचकोंडात सध्या उभं राहायला जागा नाही.

अशा गावात पावसाळा सरल्यावर तलाठी भाऊसाहेब पडताळणीला मोटरसायकलवरून आले. त्यांनी ओटीवर बसून विचारलं, "घरात कोण कोण असतं?" हा प्रश्न मनुबाईला फार दिवसांत कोणी विचारला नव्हता. तिने चहा टाकला, शेजारून साखर आणली आणि सांगायला बसली. सुजितच्या आवडीचा सुका जवळा, नूतनची नाजूक तब्येत, सगळं सांगितलं. भाऊसाहेबांनी विचारलं, "मग सुजित कुठे आहे?" ती म्हणाली, "येतो म्हणून गेलाय." रकाना लहान होता. 'येतो म्हणून गेलाय' त्यात मावेना. भाऊसाहेबांनी जेवढं मावलं तेवढं लिहिलं.

अंबाजीचंही तसंच. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेताना तो म्हणाला होता, "येतो गं, चहा ठेव." मनुबाईने भाऊसाहेबांना हेच शब्दशः सांगितलं, कारण नवऱ्याचं शेवटचं बोलणं बदलून सांगणं तिला बरं वाटलं नाही. भाऊसाहेब तेव्हा दुसरा चहा पीत होते. त्यांनी लिहिलं, येणार आहेत.

"सोपं आहे, आजी," अनुया म्हणाली. "आजोबांचा मृत्यूचा दाखला आणा. आणि मुलाबद्दल लिहून द्या, 'मुलगा सुजित घरी येत नाही.' बाकीची नावं कमी करू. तुमचं एकटीचं कार्ड झालं की धान्य सुरू."

"येत न्हाय असं कसं लिवायचं, बाय? पोर कामावर हाय. तिथं डोक्यावरनं लोखंडी पेट्या जातात म्हणे, घराएवढ्या. असं वंगाळ लिवलं आणि काय झालं तर?"

"मग 'येतो' लिहिलंय तेच राहील."

"मदलं काय न्हाय?"

"मधलं म्हणजे?"

"येतो, पर येत न्हाय."

अनुयाने खरोखर शोधलं. दोन्ही बाजूंच्या मेनूत जाऊन आली. "असा पर्याय नाही," ती म्हणाली, आणि तिला स्वतःलाच जरा वाईट वाटलं.

मनुबाईने सुजितला फोन लावला. पलीकडे काहीतरी मोठं, जड वाहन सतत पीं पीं करत मागे येत होतं.

"कसा हायस?"

"बरा हाय. तू कशी?"

"बरी. शिमग्याला येतोस का?"

"येतो ना."

"नक्की?"

"आई, येतो म्हटलं ना!"

"तसं न्हाय रे. कचेरीत विचारतायत. तू येत न्हायस असं लिवून दिलं, तर माझे तांदूळ सुरू होतील."

तिकडे कोणीतरी हाक मारली, त्याला तो 'आलो, आलो' म्हणाला. मग सुजित म्हणाला, "लिव ना मग. कागदावरच तर लिवायचं हाय." आणि लगेच, "चल, ठेवतो."

फोनवर माणसं 'येतो' म्हणत नाहीत. 'ठेवतो' म्हणतात. काय ठेवतात आणि कुठे, हे मनुबाईला कधी कळलं नव्हतं. तिच्याकडे तर कोणी काही ठेवलेलं दिसत नव्हतं.

तिने ठरवलं, शिमग्यापर्यंत थांबू. तो आला, तर त्यालाच कचेरीत उभा करू. म्हणजे तो येतो हेही खरं आणि इथे राहत नाही हेही खरं, आणि कोणाला काही अभद्र लिहावं लागणार नाही. बेत पक्का होता. त्यात फक्त सुजित लागत होता. तोवर सगुणाच्या तांदळाची तिने पेज केली. पेज रोज थोडी पातळ होत गेली. पुढेपुढे मनुबाईला तिच्यात भातापेक्षा छपराची कौलंच जास्त दिसू लागली. शेजारी मागितलं असतं तर मिळालं असतं, पण शेजारच्या दोन्ही घरांना कुलूप होतं. तेही येतो म्हणून गेले होते.

शिमग्यात देव पालखीत बसून घरोघर येतो. पण पालखी खांद्यावर घ्यायला गडी लागतात, आणि गडी सगळे बाहेर. त्यामुळे यंदा देव पिकअप टेम्पोतून आला. मनुबाईच्या अंगणात वळायला जागा नव्हती म्हणून ड्रायव्हरने टेम्पो उलटा घेतला, आणि ग्रामदैवत पीं पीं करत मागे मागे येत तुळशीपाशी थांबलं. क्षणभर मनुबाईला वाटलं, सुजितचा फोनच आलाय.

तिने ओवाळलं, नारळ ठेवला. "सुजित न्हाय आला?" पालखीबरोबरच्या एकाने विचारलं.

"येतो," ती म्हणाली.

सुजितचा फोन टेम्पो गेल्यावर आला. "आई, मोठं जहाज लागलंय. सुट्ट्या बंद केल्या सगळ्यांच्या. पुढच्या येळेला येतो गं."

"बरं."

"रागावलीस?"

"न्हाय रे. देव येऊन गेला."

"आपल्या वाट्याचा नारळ ठेवला ना?"

"ठेवला."

"चल, मग ठेवतो."

सणासाठी राखलेल्या तांदळातला त्याच्या वाटणीचा भात तिने झाकून ठेवला, दुसऱ्या दिवशी तोच खाल्ला, आणि कचेरीत गेली. दाखला प्लास्टिकच्या पिशवीत होता, पिशवी दुसऱ्या पिशवीत. अनुयाने मजकूर टाइप करून वाचून दाखवला. "मुलगा सुजित घरी येत नाही." मनुबाईने इकडेतिकडे पाहिलं. तिथे ऐकायला कोणी ओळखीचं नव्हतं, तेवढं एक बरं होतं. लिहिलेलं खरं होऊ नये म्हणून तिने हळूच लाकडी टेबलाला हात लावला आणि मग शाईला अंगठा.

अंगठा चालला. अनुयाने एकदाच एंटर दाबलं आणि तीन माणसं कमी झाली.

"आजी, चहा घेता?" तिने विचारलं.

"नको. मगाशी कोणीतरी 'येतो गं, चहा ठेव' म्हणून गेलंय," मनुबाई म्हणाली. ती विनोद करतेय की नाही, हे अनुयाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढच्या वाटपाला सगुणाने मशीन समोर धरलं आणि सवयीने मोठ्याने वाचलं, "मनुबाई. एक युनिट, देय एक." मनुबाई थांबून राहिली. पिशवीचं तोंड अजून बंदच होतं.

"झालं, काकी."

"येवढंच?"

"एवढंच की. तुझे होते तेवढे तांदूळ मिळाले ना?"

मिळाले होते. घरी येऊन तिने भात लावला. तो अगदी एका माणसाला पुरेल एवढा झाला. आजवर तिच्या हाताला हे प्रमाण कधी जमलं नव्हतं.

एवढे दिवस बाहेर पडताना ती कडी घालून रिकाम्या घराला "येते हां" म्हणायची. दुसऱ्या दिवशी कडी घातली, तोंड उघडलं, आणि कोणाला म्हणायचं ते आठवेना. ती तशीच न बोलता सगुणाच्या दुकानात आली आणि पोत्यावर बसली.

"सगुणे, एक अर्ज लिव."

"आता काय? धान्य तर सुरू झालं!"

"म्हणून तर. लिव."

सगुणाने पावतीपुस्तकाखालून कागद काढला आणि मनुबाई सांगेल ते कचेरीच्या भाषेत बसवत गेली. दहा वर्षं तिने गावाचे अर्ज लिहिले होते, 'सदर' कुठे घालायचं हे तिला पाठ होतं. मध्येच ती थांबली. "काकी, येडी झालीस काय? हे कोण मंजूर करणार?"

"कागदावरच तर लिवायचं हाय," मनुबाई म्हणाली, आणि अंगठा पुढे केला.

"प्रति, मा. पुरवठा अधिकारी साहेब. विषय: शिधापत्रिकेवर एक युनिट वाढवून मिळणेबाबत. महोदय, मी खाली अंगठा करणार श्रीमती मनुबाई अंबाजी धाडवे, राहणार चिंचकोंड, अर्ज करते की, माझे धान्य व्यवस्थित सुरू असून त्याबाबत काही तक्रार नाही. तरी माझ्या कार्डावर एक युनिट वाढवून मिळावे. नाव कोणतेही चालेल. त्याचे धान्य नको. फक्त दर महिन्याला दुकानात ते नाव माझ्या नावापुढे मोठ्याने वाचण्यात यावे. तसेच सदर व्यक्ती कुठे आहे, याची शासनामार्फत वर्षातून एकदा घरी येऊन चौकशी करण्यात यावी, व त्यावेळी 'येतो म्हणून गेलाय' हे उत्तर पूर्ण मावेल एवढा रकाना ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती."