पाहुण्याच्या घोड्याचा खुंटा

मित्रांनो, मी एक जुना खुंटा आहे, घोडे बांधायचा. सध्या एका अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभा आहे, आणि माझ्या अंगाला दोर लागून फार दिवस झाले.

ओसमोनने मला आर्चा झाडाच्या चिवट लाकडातून तासलं, कुजू नये म्हणून टोक जाळलं आणि कोक-बेलच्या कुरणात ठोकलं. आमच्या डोंगरात ज्याचा खुंटा त्याचं कुरण. तो उपटायचा तर ठोकणाऱ्याच्या घरच्याच हातांनी, दुसऱ्याने शिवायचंही नाही. दर उन्हाळ्यात नमद्याचा तंबू उभा राही आणि माझ्याजवळ घोडीची धार काढली जाई. पुढे ओसमोन वारला. समोरच्या उतारावर, मला दिसेल अशा जागी त्याला पुरलं. त्याची बायको बुरुल एकटीने कळप घेऊन येऊ लागली.

आणखी एक रीत होती. पाहुणा आला की खुंटा त्याच्या घोड्याला. घरच्या घोडीचे पाय बांधून तिला गवतात सोडायचं. खिंडीपलीकडचा निगमत जर्दाळू घेऊन नेहमी यायचा. दोघांची भाषा वेगळी, पण घोडीचं आंबवलेलं दूध पीत दोघं तासन्‌तास हसत बसत. मला त्याच्या घोड्याचा वासही आवडायचा.

अशाच एका दुपारी सरहद्द आखणारे मोजणीवाले आले.

"हा घोडा कोणाचा?" साहेबांनी विचारलं.

"निगमतचा. खिंडीपलीकडे राहतो," बुरुल म्हणाली.

साहेबांनी मला हलवून पाहिलं. "म्हणजे नेहमी त्याचाच घोडा इथं बांधलेला असतो?"

"मग? माझा बांधू आणि त्याचा तसाच सोडू? असलं वळण नाही आमच्या घरात."

किती अभिमानाने बोलली ती! साहेब सपाटीवरच्या शहरातले. त्यांना आमच्या रीती काय ठाऊक? मान डोलावून ते निघून गेले. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

पुढच्या वसंतात ते शिपाई घेऊन परतले. "कोक-बेल पलीकडच्या देशाला सोडलं आहे. इथं वापर त्यांचाच होता."

"कोणी सोडलं?"

"सरकारनं."

"सरकारनं कधी घोडा बांधला होता इथं?"

तेवढ्यात निगमत धापा टाकत आला. "साहेब, मी पाहुणा होतो हो. या आपाच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या दारचा पाहुणा."

"आता रेषा आखली गेली. आणि तुमचा तर फायदाच झाला की."

"आग लागो त्या फायद्याला. उद्यापासून मी घोडा कोणाच्या दारी बांधू?"

बुरुल उताराकडे बघत होती. "आणि माझा ओसमोन?"

"कबरी हलवत नाहीत, आजी."

एक शिपाई मला उपटायला वाकला. "हात लावू नकोस, लेकरा," ती म्हणाली. "ते माझं काम आहे." तिने मला मिठी मारली आणि हलवू लागली. मी सगळ्या जोराने माती धरून ठेवली, पण तिचे तळहात फुटलेले दिसले आणि मी सुटलो. तिने भोकात माती भरली आणि वरून थोपटली, ओसमोनच्या कबरीवर थोपटली होती तशी.

आता कोक-बेलच्या वाटेवर काटेरी तार आहे. तिला फाटक नाही.

मित्रांनो, कोणाची जमीन सोडून द्यायला निघालात, तर तिथे घोडा कोणाचा एवढंच विचारू नका. खुंटा कोणी ठोकला तेही विचारा, आणि समोर कोण पुरलंय तेही.

बुरुलने मला तिच्या अंगणात आणून ठोकलं. तिच्याकडे आता एकच घोडी उरली आहे. ती पाय बांधलेली, पाटाकाठच्या गवतात उभी असते. शेजारीण रोज टोमणा मारते, "आपा, खुंटा रिकामा आहे की. बांध ना तिला."

बुरुल खिंडीकडे बघते आणि म्हणते, "आणि पाहुणा आला तर?"