अर्धा केस

खरादी उस्तादांच्या हाताबद्दल गल्लीत जे सांगितलं जायचं, त्यातलं निम्मं तरी खरं असावं. त्यांनी लेथवर कातलेल्या एका शाफ्टवर माशी बसली, बसल्या जागी घसरून पडली आणि पुढे आठ दिवस कारखान्यात लंगडत फिरत होती, असं समोरचा छापखानेवाला शपथेवर सांगे. उस्ताद मात्र अतिशयोक्तीच्या विरुद्ध. आठ नाही, चारच दिवस, म्हणायचे.

अशा माणसाच्या कारखान्यात मायक्रोमीटर होता, पण डबीत. उस्तादांचं माप म्हणजे केस. डोक्यावरचा एक उपटायचा, कॅलिपर आणि लोखंड यांच्या फटीत धरायचा, तो किती अडतो ते बोटांनी ओळखायचं आणि फर्मावायचं, अजून एक केस उतरव. नाहीतर हळहळायचं, अर्धा केस जास्त गेला. चाळीस वर्षं या मापावर गावातली यंत्रं सुरळीत फिरली. उस्तादांचं कपाळ तेवढं मागे मागे सरकत गेलं.

दोन वर्षांपूर्वी एक पोरगी सायकलचा आस नीट करायला आली आणि लेथ बघत उभीच राहिली. तासाभराने उस्तादांनी तिच्या हातात झाडू दिला, महिन्याभराने हत्यारांना धार लावायला बसवलं, आणि आता तिच्या हातचं काम उस्तादांचं म्हणून खपत होतं. हेच उस्तादांना खुपायला लागलं. आपण खरादी आहोत असं सांगणारा चिटोराही त्यांच्याजवळ नव्हता. आपलं गेलं ते गेलं, पोरीजवळ तरी कागद असावा, असं त्यांनी मनात घेतलं. उमेदवार म्हणून सरकारी नोंदणी झाली की आठवड्यातला एक दिवस पगारी रजा, त्या दिवशी वर्ग, शेवटी परीक्षा आणि दाखला. त्यासाठी मालकाने अर्ज भरून जबाबदारी घ्यायची होती.

अर्ज मी लिहिते, असं उस्तादांची बायको, म्हणजे काकू, परोपरीने म्हणाल्या. तुमचं अक्षर वाचायला त्या कचेरीत कोंबड्या नेमलेल्या नाहीत, असंही म्हणाल्या. पण पोरीचं काम म्हटल्यावर उस्ताद ऐकतात कुठले? एका रकान्यात विचारलं होतं, उमेदवाराच्या चुकांचं प्रमाण किती? उस्तादांनी प्रामाणिकपणे लिहिलं: पहिल्या वर्षी पाच केस, दुसऱ्या वर्षी दोन केस, आता फार तर अर्धा केस. सर्व जबाबदारी माझी.

नोंदणी शुक्रवारी बंद होणार होती. बुधवारी सकाळी तपासणीला एक बाई आल्या. स्टुलावर बसल्या, फाईल उघडली, लेथपाशी उभ्या पोरीला नखशिखान्त न्याहाळलं आणि आवाज खाली आणून उस्तादांना विचारलं, "एवढ्याशा वयात सात केस? आणि ही अर्धी काय, तडजोड चाललीय का?"

"सुरुवातीला होतंच मॅडम. तिच्या वयात माझे तर वीस-वीस असायचे."

बाईंनी खांद्यावरची पर्स काढून मांडीवर घेतली. "मग निस्तरलंत कसं?"

"घासून."

"कोणाला?"

"लोखंडाला," उस्ताद म्हणाले. लोखंडाशिवाय आणखी कोणाला घासतात, हे त्यांना कळेना.

पोरगी एव्हाना लेथला धरून हसत होती. डोळे पुसून तिने बाईंना समजावलं की कोर्ट नाही, कचेरी नाही, हे डोक्यावरचे केस. बाईही हसल्या. हसल्या आणि त्यांनी फाईल मिटली.

हे तर आणखी कठीण झालं, त्या म्हणाल्या. परीक्षेत मिलिमीटरचे शतांश विचारतात. जिथे केसाने मापतात तिथे शिकलेल्या मुलीची नोंद करायची कशी?

काकूंनी आणलेला चहा तसाच राहिला. आपल्या पिशवीतून पोरीने एक वही काढली आणि बाईंपुढे धरली. उस्तादांनी उपटलेला केस न् केस तिने जेवणाच्या सुट्टीत डबीतल्या मायक्रोमीटरने मोजून तारीखवार लिहिला होता. पहिल्या पानावर सात शतांश, शेवटच्या पानावर पाच.

"उस्तादांचा केस बारीक होत चाललाय," ती हळूच म्हणाली. "म्हणून ते अर्धा म्हणाले की किती, हे मी दर महिन्याला नव्याने काढते."

उस्तादांचा हात आपोआप डोक्यावर गेला. आपल्या मापालाच म्हातारपण आलं आणि पोरीने दोन वर्षं चकार शब्द न काढता ते सांभाळून घेतलं, हे त्यांच्या आत कुठेतरी जाऊन बसलं.

बाईंनी वही शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाल्या की मुलीबद्दल आता त्यांना शंका नाही, शंका मालकाबद्दल आहे. दर आठवड्याला तिचं काम शतांशांच्या मापाने तपासून मालकाने सही करायची असते. "तुम्हाला मायक्रोमीटर वाचता येतो का?"

कारखान्यात एवढी शांतता झाली की गंज चढताना ऐकू आला असता. चाळीस वर्षं उस्ताद सांगत आले होते की त्यांना त्या डबीची गरज नाही. खरं काय ते फक्त काकूंना ठाऊक होतं, आणि काकू खाली बघत होत्या.

उस्तादांनी हात पायजम्याला पुसले. "नाही येत," ते म्हणाले. मग पोरीकडे वळले. "शिकवशील का गं मला?"

तिने डबी उघडली. उस्तादांनी सवयीने डोक्याला हात घातला, तर बाईंनी त्यांना थांबवलं. "तुमचे राहू द्यात," म्हणत त्यांनी स्वतःच्या वेणीतला एक उपटून दिला. पोरीने उस्तादांची बोटं स्क्रूवर ठेवली, आवळू नका, नुसतं टेकवा, म्हणून सांगितलं, आणि कोणती रेघ आधी वाचायची ते दाखवलं. पहिल्या खेपेला उस्तादांनी ऐंशी सांगितले. एवढा जाड केस असता तर बाईंना वेणी नाही, दोरखंड घालावा लागला असता. दुसऱ्या खेपेला अकरा. तिसऱ्या खेपेला चष्मा कपाळावर चढवून, श्वास रोखून ते म्हणाले, "आठ."

पोरीने वाकून बघितलं. "आठ."

बाईंनी फाईल उघडली आणि सही केली. गुरुवार मात्र वर्गाचा, कितीही घाई असो, एवढं बजावून त्या गार झालेला चहा पिऊन गेल्या.

पहिल्याच गुरुवारी छापखानेवाला तुटका बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते कडं, घेऊन धावत आला. यंत्र बंद पडलं होतं. उस्तादांनी दुपारपर्यंत नवा बुश कातला, चष्मा कपाळावर चढवून तीनदा मोजला आणि फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिला. उद्या न्या, म्हणाले, पोरगी एकदा बघेल.

"अहो, तुम्ही बघितलात ना?" छापखानेवाला म्हणाला.

"मी बघितला. पण माझी नोंदणी झालेली नाही."