मोटेवरून काचेच्या खोलीत

मी एक जुना जांभळाचा खांब आहे आणि मला सरपण म्हणणाऱ्यांना अजून पुरून उरलो आहे. मित्रांनो, कोल्हापूरजवळच्या मळ्यात पंधरा वर्षे मी विहिरीच्या तोंडाशी मोटेचे चाक पेलले. मग इंजिन आले, मोट थांबली आणि मला व माझ्या जोडीदार खांबाला ओल्या गवतात फेकून दिले. काल कौतुक करणाऱ्यांनी वळूनही पाहिले नाही. राग येणार नाही तर काय?

मळ्याचे मालक रुद्राप्पा गुळाचे व्यापारी. त्यांच्या अंगावरून वारे गेले आणि ते शहरातल्या घरात, माजघराच्या अंधारात पडून राहिले. जेवण तुटले, बोलणेही तुटले. "उजेडात बसवा, नाहीतर माणूस हातचा जाईल," असे डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला, गौराबाईंना बजावले. बाईंनी परसात काचेची खोली बांधायची ठरवली. काचा आणल्या, पण सागवान परवडेना. चौकटींना आजऱ्याकडच्या किंजळाचे स्वस्त लाकूड मिळाले. आढ्याला मात्र दणकट खांब हवा होता. तेव्हा बाईंना आमची आठवण झाली.

पिराजी सुताराने मला पायाने ढकलले. "अक्का, ह्यो जांभूळ हाय. वाळला की फाकतोय. सागवानच घ्या."

"पंधरा वर्सं पाण्याकाठी कुजला न्हाई, त्यो पावसाला भिईल व्हय?" बाई कडाडल्या. "वाळवायचं कसं त्ये मी बघतो की!"

तोवर पिराजीने घाईने माझा जोडीदार उन्हात टाकला होता. आठवड्यात तो उभा चिरला आणि चुलीत गेला. बाईंनी माझ्या दोन्ही टोकांना शेण लिंपले, मला गोठ्याच्या सावलीत विटांवर आडवा ठेवला आणि रोज माझी कूस बदलली. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मी वाळत होतो. फाकायचे नाही म्हणजे नाही, असा हट्टच धरला होता मी!

खोली उभी राहिली. आषाढात बाहेर धो धो पाऊस आणि आत लख्ख उजेड. रुद्राप्पा रोज माझ्याशेजारी बसत. एके सकाळी त्यांनी डाव्या हाताने मला घट्ट धरले आणि थरथरत उठले.

"गौरा, बघ की! हुबा हाय मी."

पिराजी पावसाने ढिली झालेली चौकट ठोकत होता. त्याने हातोडा खाली ठेवला आणि माझ्या पाया पडला.

आज रुद्राप्पा काठी टेकत पेठेत जातात. नातलग म्हणतात, पक्की भिंत घालू, हा खांब बंबात जाळू. या, मी इथेच उभा आहे! पण मित्रांनो, कुऱ्हाड उचलण्याआधी माझ्या कमरेवरून एकदा हात फिरवा. एका माणसाच्या तळव्याने तिथे मला गुळगुळीत केले आहे.