बरोबर दिशेला

"आता कसं! आता आकडा बरोबर दिशेला सरकला," सर म्हणाले, आणि खुर्ची मागे ढकलून चहाला निघाले.

तारवाली त्या क्षणी नुसती हसली. सर खूश झाले की हसायचं, अशी तिच्या तोंडाला वर्षभर सवयच लागली होती. बाकीचेही उठले. "सुटलीस गं," असं म्हणून लेझरवाला तिच्या समोरून गेला. ती फळा पुसायला मागे राहिली आणि अर्धा फळा पुसून झाल्यावर तिचा हात तिथेच थांबला. बरोबर दिशेला? बरोबर दिशा कुठली, हे या माणसाला कोणी सांगितलं?

मग मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

का गेली हे कळायला त्यांचा प्रयोग समजून घ्यायला हवा, आणि तो काही फार अवघड नाही. तळघरातल्या बंद खोलीत केसाहून बारीक अशी एक तार टांगलेली. तारेला आडवी दांडी, आणि दांडीच्या दोन टोकांशी तांब्याची दोन जड वजनं. वजनं दांडीला स्वतःकडे ओढतात, कारण या जगात प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढत असते. ओढ इतकी नाजूक की वरच्या मजल्यावर कोणी कपाट सरकवलं तरी तार बिथरते. दांडीच्या एका झोक्याला किती वेळ लागतो, त्यावरून ही ओढ नेमकी किती, एवढंच काढायचं. पिढ्यान्पिढ्या माणसं हाच आकडा काढत आली आहेत आणि अजून एका लॅबचा आकडा दुसरीशी जुळत नाही. भाऊबंदांसारखे भांडतात नुसते.

ही तार सांभाळायचं काम तिचं. म्हणून सगळे तिला तारवाली म्हणायचे, आणि दांडीचा झोका लेझरच्या किरणानं टिपणारा तो लेझरवाला. सहा वर्षं तिनं त्या तारेला तान्ह्या पोरासारखं जपलं होतं.

आता माणूस म्हटलं की लबाडी आलीच, आणि शास्त्रज्ञ झाला म्हणून ती जात नाही. उत्तर कुठे यायला हवं हे आधी ठाऊक असलं, की आकडा तिथे येईपर्यंत माणूस चुका शोधतो आणि आला की हात झटकून मोकळा होतो. मुद्दाम करतो असंही नाही. म्हणून या लॅबनं एक पद्धत ठेवली होती. तिला ते 'झाकण' म्हणायचे. तांब्याच्या वजनांचं पोट पोखरून आत धातूची एकेक गोळी बसवायची आणि वर सील ठोकायचं. गोळी केवढी, हे फक्त बाईंना माहीत. बाई म्हणजे पलीकडच्या विभागातल्या, निवृत्तीला टेकलेल्या, उभा जन्म घड्याळांत घालवलेल्या प्राध्यापिका. तारेच्या झोक्याची वेळ मोजणारं घड्याळही त्यांच्याच लॅबमधून आलेलं होतं. खरं वजन माहीत नाही, म्हणजे खरं उत्तरही माहीत नाही. सगळी मोजणी झाली, सगळ्या दुरुस्त्या झाल्या, आता काही म्हणजे काही बदलणार नाही असं सगळ्यांनी कबूल केलं, की बाई वजन सांगणार आणि झाकण उघडणार. तोवर आकडा वर गेला तरी वाहवा नाही आणि खाली गेला तरी हाय नाही. बरोबर दिशा नावाची गोष्टच त्या तळघरात असायला नको होती.

फळ्यासमोर उभ्या उभ्या तिला सगळं वर्ष आठवलं.

आठवली ती विशेषकरून एक दुरुस्ती. तार थोडी आळशी असते. पीळ दिला की ती लगेच पूर्ण परत येत नाही, अंग चोरते. हा आळस तिनं स्वतः शोधून काढला, मोजला, आणि मोठ्या उत्साहानं मीटिंगमध्ये मांडला. त्यानं आकडा बराच खाली येत होता. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. "पुन्हा तपास," म्हणाले. तिनं तपासलं. "पुन्हा." तिनं पुन्हा तपासलं, इथला कोपरा घासला, तिथली शंका काढली, आणि दुरुस्ती निम्म्यावर आली, तेव्हा सरांच्या आठ्या मिटल्या. मग "पुन्हा तपास" बंद झालं. उलट ज्या दुरुस्त्या आकडा वर नेत होत्या, त्या पहिल्या झटक्यात पास होत गेल्या. तिला वाटायचं, सर किती काटेकोर! नाकानं कांदे सोलणारा हा माणूस अख्खं वर्ष कपाळावरच्या आठ्यांनी तिचा आकडा हाकत होता, आणि ती मुकाट चालत होती.

ती तरातरा सरांच्या खोलीत गेली. दार वाजवलं नाही.

"सर, तुम्ही वजन केलंत."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "कसलं वजन?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका सर. आकडा बरोबर दिशेला सरकला म्हणालात. दिशा कुठून कळली तुम्हाला?"

सर जे बोलले, ते इतक्या सहज की तिला कानशिलात बसल्यासारखं झालं.

"अगं, मागच्या वर्षी वजनं साफसफाईला बाहेर काढली होती ना, तेव्हा सुट्टीच्या दिवशी रसायनवाल्यांच्या काट्यावर ठेवून पाहिली. सील तोडलं नाही काही. एवढी वर्षं घातली आपण, भलतंच उत्तर आलं तर जगाला तोंड कसं दाखवायचं? कुठे चुकतंय का, तेवढं मला बघायचं होतं."

"आणि?"

"आणि चुकतच होतं! आकडा खाली चालला होता. आता येईल ठिकाणावर." ते हसले. "मी एक तरी आकडा बदलला का? सगळ्या दुरुस्त्या तुझ्या हातच्या आहेत."

"आकडे नाही बदललेत. तोंड बदलत होतात. मी तुमच्या तोंडाकडे बघून काम करत होते सर!"

"मग बघायचं नाहीस," सर म्हणाले.

तिला राग इतका आला होता की शब्द एकमेकांच्या पायात येऊन पडत होते. सरांनी मग आवाज मऊ केला. झाकण उघडायचा दिवस ठरलाय, बाहेरची मंडळी येणार आहेत, तिच्या कायमच्या नोकरीचं पत्र त्यांनीच लिहायचंय, हे त्यांनी एकापाठोपाठ एक सांगितलं, आणि धमकी मात्र एकही दिली नाही. याला म्हणतात अनुभव.

घरी आईनं तिचं तोंड बघूनच ओळखलं. तिनं सगळं ओकून टाकलं. आईला तार नि वजन यातलं काही कळत नव्हतं, पण माणसं कळत होती.

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हण की," आई म्हणाली. "पण पाण्यात राहून माशाशी वैर धरू नये गं. नोकरी हातात येऊ दे, मग काय ते बोल."

"नोकरी हातात आल्यावर बोलणारा एक तरी माणूस पाहिलायस तू?"

आईनं विचार केला. "नाही," ती म्हणाली, आणि तिच्या पानात वाढू लागली.

"आई, मला त्या आकड्याचं दुःख आहे गं. तो माझा होता. बरोबर येवो, चूक येवो, माझा होता. आता तो कुणाचा आहे तेच कळत नाही."

"मग सगळ्यांसमोर बोल," आई म्हणाली. "एकेकट्याला सांगत बसलीस तर तूच वेडी ठरशील."

झाकण उघडायच्या दिवशी सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. सर नवा शर्ट घालून आले होते. विभागप्रमुख पहिल्या रांगेत होते आणि बाई कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पद्धतीप्रमाणे सरांनी विचारलं, "आता काही बदलायचं नाही, हे सगळ्यांना कबूल?"

माना डोलल्या. तारवाली उभी राहिली.

"मला कबूल नाही. सरांनी वर्षभरापूर्वीच वजनं काट्यावर ठेवून पाहिलीत. झाकण केव्हाच उघडलंय. आज जे उत्तर येईल ते तारेचं नाही, सरांच्या आवडीचं आहे."

कोणीतरी खोकलं. लेझरवाल्यानं मान खाली घातली. विभागप्रमुख म्हणाले, "हे आपण आत बसून बोलू या," आणि सर म्हणाले, "कशाला? बाई, सांगा तुम्ही वजन. शेवटी आकडाच बोलेल. हातच्या कांकणाला आरसा कशाला!"

बाई सावकाश उठल्या. त्यांनी दोन्ही गोळ्यांची वजनं सांगितली. लेझरवाल्यानं ती यंत्रात भरली आणि पडद्यावर आकडा आला. जगभरच्या आकड्यांच्या अगदी मधोमध, नेमका, सुबक. टाळ्या सुरू झाल्या. सर तारवालीकडे बघून हसले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "माझं संपलं नाही. घड्याळही मी थोडं पुढे पळणारं दिलं होतं."

टाळ्या अर्ध्यावर अडकल्या.

"वजन काय, कोणीही काट्यावर ठेवू शकतो," बाई सरांकडे न बघता म्हणाल्या. "म्हणून कुलपं दोन लावली. एकच आहे असं सांगितलं." त्यांनी घड्याळाचा फरक सांगितला. लेझरवाल्याची बोटं जड झाली होती, तरी त्यानं तो भरला. पडद्यावरचा आकडा उडाला आणि सगळ्या जगाच्या वर, कुठल्याकुठे जाऊन बसला.

म्हणजे सर ज्याला ठिकाण समजून वर्षभर आकडा ढकलत होते, ते ठिकाणच खोटं होतं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त त्यात आता कोणी नव्हतं.

तारवालीला आनंद व्हायला हवा होता. पण तिचं डोकं आपोआप गणित करत होतं, आणि ते गणित एकाच जागी येऊन थांबलं. तारेचा आळस! तिची ती पहिली, अख्खी, निम्मी न केलेली दुरुस्ती. ती तशीच राहू दिली असती, तर आकडा खाली येऊन सगळ्यांच्या मध्ये बसला असता. कोणी न ढकलता, स्वतःच्या पायांनी चालत.

सरांच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं. "अगं, तुझी ती जुनी दुरुस्ती!" ते जवळजवळ ओरडलेच. "ती पूर्ण लाव ना! ती बरोबरच होती!"

"आता?" ती म्हणाली. "आता उत्तर माहीत झाल्यावर? काल चूक होती आणि आज बरोबर झाली? सर, तुम्हाला अजूनही कळलं नाही. ती बरोबर होती हे आता मला स्वतःलाही कधी सिद्ध करता येणार नाही. तुम्ही नुसता आकडा नाही खाल्लात, माझी सहा वर्षं खाल्लीत!"

तिचा आवाज सभागृहभर घुमला. तिला लाज वाटली नाही. ती तशीच बाईंकडे वळली.

"आणि तुम्ही! तुम्हाला माहीत होतं ते वजन करतील."

"वाटत होतं," बाई म्हणाल्या. "माहीत नव्हतं."

"मग मला का नाही सांगितलंत? पिंजरा लावलात त्यांच्यासाठी, आणि आत बसवलंत मला."

बाईंनी पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला. "तुला सांगितलं असतं तर ते झाकण राहिलं नसतं," त्या म्हणाल्या. ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला त्यांचाही राग आला. तो पुढेही बरेच दिवस गेला नाही.

नोकरीचं पत्र अर्थातच लिहिलं गेलं नाही. विभागप्रमुखांनी आत बसून पुष्कळ बोलून घेतलं आणि शेवटी, प्रकरण बाहेर जायला नको म्हणून, तिला तात्पुरत्या नोकरीची आणखी एक मुदत दिली. तिनं अटी घातल्या. वजनं नवी, घड्याळ नवं, आणि बाईंनी तिसरं काहीतरी झाकायचं, काय ते तिलाही सांगायचं नाही. आणि तळघराच्या दाराचं कुलूप बदलायचं. लेझरवाल्यानं न सांगता स्क्रूड्रायव्हर आणून दिला. कुलूप तिनं स्वतः बसवलं.

नवी तार टांगली. जुनीसारखीच ती पहिल्यांदा खूप डुलली, रुसली, आणि हळूहळू शांत झाली. पहिली मोजणी सुरू झाली त्या दुपारी दारावर टकटक झाली.

"मी आहे," सर बाहेरून म्हणाले. "आत येऊ?"

"नको."

पण त्यांना राहवलं नाही. "अगं, निदान एवढं तरी सांग. आकडा कुठल्या दिशेला चाललाय?"

तारवालीनं पडद्याकडे पाहिलं. आकडा सरकत होता. वर चालला होता, पण ते चांगलं की वाईट हे या इमारतीत कुणालाही ठाऊक नव्हतं.

"माहीत नाही सर," ती बंद दाराला म्हणाली. "आणि तुम्हालाही माहीत नाही."