डाव्या पंखाची दहा पिसं

माझा धाकटा भाऊ आयुष्यात कधी घाईत नव्हता. घरात त्याला सगळे 'सावकाश'च म्हणायचे. आई त्याला जेवायला हाक मारायची ती पाऊण तास आधी. पक्ष्यांच्या दवाखान्यात त्याला नोकरी लागली तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, पाय मोडलेला पक्षीही याच्यासारखाच जागचा हलत नाही, दोघांचं जमेल. आणि जमलंच. तो पिंजऱ्यात शिरला तरी पक्षी फडफडत नसत. तिथे गळून पडलेली पिसं तो कागदी पाकिटात घालून मला आणून द्यायचा. मी त्यांच्यावर चित्रं काढते. हंसाच्या पिसावर लांडगा, घारीच्या पिसावर हरणांचा कळप. बावीस वर्षं मी हेच करत आले आहे.

लोकांना वाटतं, हे फार नाजूक काम. नाजूक कसलं, हट्टाचं काम आहे. पीस आधी कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचं, टिपकागदावर वाळवायचं, मग विस्कटलेले धागे बोटांनी हळूहळू ओढून एकमेकांत बसवायचे. त्यावर पातळ लेप, आणि मग चार केसांचा ब्रश. एक फटकारा उलट्या दिशेने गेला की धागे सुटतात आणि लांडग्याच्या नाकाला भेग पडते. राग माझ्या नाकावर असतो, पण पिसावर तो काढता येत नाही. मग तो घरच्यांवर निघतो, आणि घरच्यांत सगळ्यात जवळचा सावकाश.

त्या वर्षी चित्रदालनाच्या बाईंनी मला समोरची भिंत दिली. समोरची, म्हणजे दार उघडलं की पहिली दिसते ती. इतकी वर्षं माझी पिसं जिन्याखाली लागायची आणि लोक ती पाहायला वाकायचे. मी ठरवलं, आता लोकांना मागे सरकायला लावायचं. एकाच घुबडाच्या एकाच पंखाची दहा मोठी पिसं, पंखात असतात त्याच क्रमाने. पहिल्यावर झाडीत एक ठिपका. मग प्रत्येक पिसावर घुबड जवळ येत जाणार, आणि दहाव्यावर फक्त डोळा. पक्षी एकच हवा, कारण पिसांवरचे तपकिरी पट्टे एकातून दुसऱ्यात गेले पाहिजेत. पंख डावाच हवा, कारण डाव्या पंखाचं पीस टोक वर करून धरलं की त्याचा रुंद भाग दांड्याच्या डावीकडे येतो. मी डावरी आहे, माझा हात तिथेच बसतो.

दवाखान्यात तेव्हा एक मोठं घुबड होतं. तारेत अडकून त्याचा पाय मोडला होता. पाय आता जुळत आला होता आणि दोन-तीन महिन्यांत त्याला रानात सोडायचं होतं.

"ताई, घुबड एकदम पिसं टाकत नाही गं," सावकाश म्हणाला. "आज इकडचं एक, महिन्यानं तिकडचं एक. दहाच्या दहा मिळायला वर्षं जातील."

"माझ्याकडे तीन महिने आहेत."

"पण ते माझ्या हातात आहे का?"

"तुझ्या हातात कधी काय असतं?" मी म्हटलं. "आयुष्यात एकदा भिंत मिळाली आहे मला. एकदा. जमव काहीतरी!"

तो चहा निवेपर्यंत बसून राहिला आणि मग निवलेला चहा पिऊन गेला.

आठवड्याने पहिलं पीस आलं. त्यानंतर पाच दिवसांनी दुसरं. दोन्ही डावी, दोन्ही शेजारशेजारची. मला नाचावंसं वाटलं. मी ती खिडकीशी धरून पाहिली. मखमलीसारखी मऊ, एकही किडकं नाही, कड झिजलेली नाही. गळलेलं पीस वापरलेलं असतं, त्याचं टोक झिजतं, रंग विटतो. ही दोन्ही नव्यासारखी होती.

आणखी एक गोष्ट होती. दोन्हींचे देठ खालून दोन बोटं कापलेले होते. चौकटीत बसवण्यासाठी देठ मला कापावा लागतोच, पण तो मी कापते. सावकाशने बावीस वर्षांत कधी कापून दिला नव्हता.

"तुझा वेळ वाचावा म्हणून," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता तो ब्रशची बरणी सरळ करत होता.

पिसांचं काम करणाऱ्याला देठाचं टोक म्हणजे पिसाचा दाखलाच. आपोआप गळलेल्या पिसाचं टोक कोरडं, पांढरं, मिटलेलं असतं. दुसरं कसं असतं तेही मला ठाऊक होतं. कापलेल्या जागेवरून मी अंगठा फिरवला.

"छान आहेत," मी म्हटलं.

तिसरं आलं, चौथं आलं. उजव्या पंखाचं एकही आलं नाही, आणि ते का येत नाही हे मी विचारलं नाही. मी डावी मागितली होती, डावी मिळत होती. दिवसभर मी खिडकीशी बसून रंगवायची. घुबड पिसामागून पीस मोठं होत होतं. पाचव्यावर त्याचे पंख उघडले, सहाव्यावर नख्या दिसू लागल्या. काम इतकं चांगलं होत होतं की मलाच भीती वाटायची. दालनाच्या बाई पाहायला आल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या. मला जे हवं होतं ते नेमकं तेच होतं. तरी त्या गेल्यावर मी पिसांवर कापड टाकलं, आणि पुढे रोज काम संपलं की टाकू लागले.

सावकाश आता पाकीट दारातूनच द्यायचा. त्याच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे होते, काही जुने, काही ओले.

"काय रे हे?"

"नवा बहिरी ससाणा आलाय. तापट आहे, तुझ्यासारखा."

मी हसले. ज्याच्या हातात चिमणीसुद्धा डोळे मिटून बसते, त्याला कुठला ससाणा असा ओरबाडेल? हे मला तेव्हाच सुचलं होतं. खोटं कशाला सांगू? सुचलं, आणि मी पाकीट उघडायला आत गेले. ते नववं होतं.

दहाव्याची वाट पाहत असताना दवाखान्यातून फोन आला. सावकाशचा नव्हता, डॉक्टरांचा होता. तिथल्या डॉक्टर नव्या होत्या, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान.

"ताई, तुमची मदत हवी आहे. लगेच येता का?"

तपासणीच्या खोलीत औषधाचा उग्र वास होता. खिडक्या बंद होत्या. टेबलापाशी सावकाश उभा होता, आणि त्याच्या हातांत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं घुबड होतं. डावा पंख टॉवेलबाहेर होता. त्याला पंख म्हणवत नव्हतं. टोकाकडची सगळी पिसं गेलेली, सुजलेली कातडी आणि तिच्यावर ओळीने काळपट खपल्या. मी मोजल्या नाहीत. मोजायची गरज नव्हती. घुबडाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून कुठल्याच पिसावर मला साधली नव्हती.

"दीड-दोन महिन्यांत ही अवस्था झाली," डॉक्टर म्हणाल्या. "हा म्हणतो, आपोआप गळतायत. तसं असेल तर हा पिसांचा रोग आहे, आणि तो पसरतो. इथे चाळीस पक्षी आहेत. लॅबचा निकाल यायला पंधरा दिवस लागतील, तेवढं मी थांबू शकत नाही. पण एकाच पंखाची का, ते मला कळत नाही. आज पिंजऱ्यात हे सापडलं."

त्यांनी ट्रेमधलं पीस माझ्यापुढे केलं. दहावं. देठासकट.

"रोगाचं पीस तळाशी चिमटल्यासारखं बारीक होतं असं मी वाचलंय. प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तुमच्या हातून हजारो पिसं गेली असतील. तुम्ही सांगा, हे गळलंय की उपटलंय? गळलं असेल तर याला आत्ताच कायमचं झोपवावं लागेल."

भिंग घ्यायची गरज नव्हती, तरी मी घेतलं. देठ सरळ, जाड, खालपर्यंत एकसारखा. टोकाला कातडीचा इवलासा तुकडा आणि सुकलेलं रक्त. शिकाऊ माणसानेही सांगितलं असतं.

सावकाश माझ्याकडे पाहत होता. मला त्याची नोकरी दिसली, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण मला दिसली ती भिंत. आणि भिंतीपुढे जमलेले लोक, एकमेकांच्या कानात कुजबुजणारे.

"गळलेलं आहे," मी म्हटलं.

डॉक्टरांनी मान हलवली. कपाट उघडलं, बाटली काढली, सुईत औषध ओढलं. बाटली काचेच्या ट्रेवर ठेवल्याचा आवाज झाला. मी हातातलं भिंग टेबलावर ठेवलं.

"नीट धर," त्या सावकाशला म्हणाल्या.

तो हलला नाही. मग त्याने घुबड छातीशी घेतलं आणि टेबलापासून मागे सरकला. एवढ्या चटकन सरकलेला मी त्याला जन्मात पाहिला नव्हता.

"मी उपटली," तो म्हणाला. "सगळी. त्याला काही रोग नाही."

"कशासाठी?"

"सुंदर होती. मोह झाला."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. माझ्याकडे पाहताना त्यांच्या नजरेत राग नव्हता. या बाईचा डोळा चुकला, एवढंच त्यांना वाटलं असावं. पंख पुन्हा भरेल का, असं मी विचारलं. मुळंच दुखावली आहेत, त्या म्हणाल्या, हे आता उडायचं नाही.

सावकाशने घुबड पिंजऱ्यात ठेवलं, किल्ल्या टेबलावर ठेवल्या, कोट काढून त्याची घडी केली. मी त्याच्यामागे फाटकापर्यंत धावले.

"अरे, मी जाते परत. सांगते त्यांना."

"नको."

"तू नाव का नाही घेतलंस माझं?"

तो थांबला. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात, असं फार वाटत होतं.

"पहिलं उपटलं तेव्हा ते ओरडलं गं," तो म्हणाला. "मला वाटलं, ताईला देठ बघून कळेलच. ती रागावेल, दोन थोबाडीत मारेल, आणि हे थांबेल. कापला तरी तुला कळणारच. दर वेळी वाटायचं, आज विचारेल."

मी त्याचा हात धरायला गेले. त्याने तो हळूच सोडवून घेतला, ओरखडे दुखत असावेत तसा, आणि तो रस्ता ओलांडून गेला. दालनाच्या बाईंचा फोन पर्समध्ये वाजत होता. मी तो घेतला आणि सांगितलं, हो, नऊ तयार आहेत.