कावळ्याला दिलेला शब्द

दहाव्याला पुंजारामच्या पिंडाला कावळा शिवेना. पैठणच्या घाटावर निम्मं करमाड गाव उन्हात ताटकळत उभं. थोरल्या लेकानं उरलेली जमीन विकणार नाही म्हणून शब्द दिला. उस्मानपुऱ्याहून आलेल्या लेकीनं, मंजुषानं, आईला सांभाळीन म्हणून सांगितलं. कावळा आपला पिंपळावर बसून पंख खाजवत राहिला. शेवटी पुंजारामची बायको, सरूबाई, वैतागली. "तुमचा तो देवमासा मी जाऊन बघते. खावा आता," असं ती म्हणाली, आणि कावळ्यानं लगेच झडप घातली.

पुंजारामनं टीव्हीसमोर बसून वर्षानुवर्षं देवमासे बघितले होते. शेंद्र्याकडची जमीन एमआयडीसीत गेली, पैसा आला, तसा या बाबानं कुणाला न विचारता थेट नॉर्वेच्या वरच्या समुद्रातल्या जहाजाची दोन तिकिटं काढली. आणि निघायच्या आधी स्वतःच निघून गेला. संसारभर त्याचं असंच होतं.

म्हणून आता लुगड्यावर फुगीर लाल जाकीट आणि पायात गमबूट घालून सरूबाई बर्फाच्या मुलखात आली होती, सोबतीला मंजुषा. किनाऱ्यावर उतरायच्या आधी बूट घासून धुवायचे, परत आलं की पुन्हा धुवायचे, का तर बाहेरचं बी इथं पडू नये. "आपल्या देवळातबी एवढं सोवळं नाय," सरूबाई म्हणाली. रबरी होडीतून वॉलरस दाखवले. मोठमोठ्या मिशांचे, एकमेकांच्या अंगावर लोळत ढेकर देणारे. "ग्रामसभा हाय व्हय ही?" एवढं विचारून तिनं तोंड फिरवलं. अस्वल दिसलं, कोल्हा दिसला. देवमासा काही येईना.

मग ती रोज कठड्याशी उभी राहून नवऱ्याला झापायची. "जित्तेपणी कधी येळेवर जेवायला आलाव? आताबी तेच." बोलून झालं की तिला बरं वाटायचं. घरात तो गेल्यापासून कुणावर खेकसायची सोयच उरली नव्हती.

परतायच्या दिवशी सकाळी कठड्याजवळच पाणी फुगलं. सगळं जहाज कॅमेरे घेऊन धावलं. "आई, बघ, देवमासा," मंजुषानं तिचा दंड धरला.

सरूबाई वळता वळता थबकली. बघितला की शब्द पुरा. मग ह्यांचा जीव मोकळा, आणि आपण भांडायचं कुणाशी? तिनं डोळे गच्च मिटले. समोर कुणीतरी मोठ्यांदा श्वास सोडला, अंगावर तुषार आले, कुजक्या मासळीचा भपकारा आला. तंबाखूनं भरलेलं तोंड घेऊन पुंजाराम जवळ यायचा तेव्हा ती अशीच नाक मुरडायची. तो तिला इतका हवासा कधी वाटला नव्हता, जिवंत असताना तर मुळीच नाही.

पाणी शांत झालं. "दिसला ना?" मंजुषानं विचारलं.

"नाय," डोळे पुसत सरूबाई म्हणाली. "बसा म्हनावं आता वाट बघत."