डावीकडचा आवाज

मित्रांनो, माझ्या पत्र्याला कान लावलात तरी तुम्हाला काही ऐकू येणार नाही. मी बोलतो ते माझ्या दोन्ही बाजूंना ठेवलेल्या स्पीकरांमधून. मी एक जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे. रेकॉर्डवरची बारीकशी कुजबुज घ्यायची, तिला बळ द्यायचं आणि स्पीकरकडे पाठवायची, हे माझं काम. अंगावर लाकडी पेटी, तोंडावर जाडजूड बटणं आणि वजन असं की मला उचलणारा आधी स्वतःच्या कमरेचा विचार करतो.

गंमत म्हणजे जन्मभर गाणी वाहूनही मला गाणं कळत नाही. खोलीतलं बोलणं कळतं, दाराची कडी कळते. पण माझ्या पोटातून जातं ते मला नुसतं विजेचं थरथरणं वाटतं. तेच थरथरणं पलीकडे पोचलं की माणसं डोळे का मिटतात, याचं मला फार नवल वाटतं.

एका लांबलचक खोलीत ओळीने बसलेल्या बायकांनी मला जोडलं. तारांना डाग देताना एक जण प्रत्येक जोडावर हळूच फुंकर घालायची. मग मी नाच शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. तिथे जमीन हादरेपर्यंत मी वाजलो. ‘असा आवाज हल्लीच्या डब्यांत नाही,’ असं पालक म्हणायचे आणि माझी मान, नसलेली, ताठ व्हायची. पुढे मुठीत मावेल असा नवा स्पीकर आला आणि माझी रवानगी जिन्याखाली, रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी झाली. तिथली ओल माझ्या हाडात शिरली. शेवटी जुन्या सामानाच्या दुकानातून मला सूरकाकांनी घरी आणलं.

सूरकाका म्हणजे पियानोचे सूर जुळवणारे. सगळी आळी त्यांना याच नावाने ओळखते. काकू त्याच खोलीत शिलाईमशीनवर कपडे शिवतात. पियानोच्या दोन तारा एकदम वाजवल्या आणि त्या नीट जुळलेल्या नसल्या, की आवाजात एक बारीक हेलकावा येतो म्हणे. तो हेलकावा थांबेपर्यंत काका खुंटी केसभर फिरवतात. केसभर! हे ऐकून मी थक्क झालो. माझ्या पोटातले एवढे सुटे भाग मिळूनही हे काम करू शकणार नाहीत.

घरी आलो तेव्हा माझी तब्येत यथातथाच होती. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर व्हायची. काकांनी मला बंद केलं आणि ते बटण या टोकाकडून त्या टोकाकडे कितीतरी वेळा फिरवलं. आतली धूळ घासली गेली, खरखर थांबली. मग एक ‘घूं’ असा सूर मागे लागला. काकांनी विजेची वायर रेकॉर्ड प्लेअरच्या वायरीपासून लांब ओढली आणि तोही गेला.

“डॉक्टरच व्हायचे तुम्ही,” काकू म्हणाल्या.

पण तिसऱ्या दुखण्याबद्दल काका कोणालाच काही बोलले नाहीत. आपल्या खुर्चीत बसून ते नेहमी अगदी बारीक आवाजात ऐकायचे. त्यांना डावीकडचा आवाज मंद, धुरकट यायला लागला. त्यांच्या धंद्याचा एक नियम होता : वाद्याला नावं ठेवण्याआधी स्वतःचा कान तपासायचा. म्हणून त्यांनी माझ्यावर संशयच घेतला नाही. एकदा सहज विचारल्यासारखं त्यांनी काकूंना विचारलं, “डावीकडचा स्पीकर नीट वाजतो ना गं?”

“छान वाजतो की. मी तर रोज ऐकते.”

काकू खरंच बोलत होत्या. पण त्या ऐकायच्या ते काका कामाला गेल्यावर, मशीनच्या खडखडाटावर मात करायला मला चांगला मोठा करून. आणि मोठा केला की माझा डावा आवाज मोकळा व्हायचा. हे तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मीही धरून चाललो की काकांचा डावा कान गेला.

काकांनी मग गुपचूप कामं नाकारायला सुरुवात केली. मोठ्या सभागृहातला पियानो ते दर वर्षी सुरात लावायचे, त्यालाही नाही म्हणाले. एके दिवशी दुपारी त्यांनी हत्यारांची चामडी पिशवी पुसून दाराशी ठेवली.

“ही कुठे निघाली?” काकूंनी विचारलं.

“धाकट्याला देतोय. संध्याकाळी न्यायला येईल.” मग खाली बघत म्हणाले, “माझा डावा कान संपला. बेसूर पियानो लोकांच्या गळ्यात मारण्यापेक्षा थांबलेलं बरं.”

काकू उठल्या, काकांच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “लावा बघू. तुम्ही ऐकता तेवढंच.”

रेकॉर्ड सुरू झाली. काकूंच्या कपाळाला आठी पडली. “अहो, मलाही डावीकडून कमी येतंय.”

“माझी समजूत काढू नकोस.”

“तुमची समजूत काढायला मला वेळ नाही, ब्लाउज द्यायचेत. आधी याला बंद करा बघू.”

मी बंद झालो. काकूंनी माझ्या पाठीमागच्या स्पीकरच्या तारा सोडवल्या. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. मला पुन्हा सुरू केलं आणि काकांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. “आता सांगा.”

काका ऐकत राहिले. “आता उजवीकडून मंद येतंय.”

“आणि डावीकडून?”

काकांनी मान डोलावली. स्वच्छ येत होतं.

त्यांनी प्लेअरच्या तारांचीही अदलाबदल करून पाहिली. मंद बाजू जागची हलली नाही. म्हणजे खोट कानात नव्हती, स्पीकरात नव्हती, प्लेअरमध्येही नव्हती. माझ्यात होती. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात काकांचा धाकटा भाऊ आला. तोही पियानो लावतो, पण सूर काट्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या मदतीने. पिशवीकडे हात नेणार तोच काकू म्हणाल्या, “भावजी, ती राहू दे. आधी ही बॅटरी धरायला हात लागतोय.”

वायर भिंतीतून काढून, थोडा वेळ थांबून त्यांनी माझं झाकण उघडलं. आत एक लहानशी डबी असते, तिला रिले म्हणतात. मला चालू केलं की ती ‘टक्’ करते आणि तिच्यातले धातूचे टिकले एकमेकांना चिकटून स्पीकरचा रस्ता उघडतात. डाव्या बाजूचे टिकले ओलीने काळे पडले होते. मोठा आवाज त्यांच्यातून धक्का मारून जायचा, बारीक आवाज तिथेच अडायचा. काकांनी कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवली आणि ती टिकल्यांमधून हळूहळू ओढली. पट्टी काळी होऊन बाहेर आली. दुसरी जरा कमी काळी. ती पांढरी येईपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही.

तारा पुन्हा आपापल्या जागी लावल्या आणि मी अगदी बारीक आवाजात वाजू लागलो. काकांनी हात वर केला.

“ऐकलंत? ओळ सुरू करायच्या आधी ती गाणारी बाई श्वास घेते. डावीकडे.”

“कुठे?” भाऊ म्हणाला. “मला नाही आला.”

काकांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, सुई उचलून मागे ठेवली आणि मला आणखी बारीक केलं. कोणी हलेना. मग भावाचा चेहरा उजळला. “आला,” तो हळूच म्हणाला.

मित्रांनो, तो श्वास माझ्यातूनच गेला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माणसाचा कान ही केवढी अचाट गोष्ट आहे! त्या संध्याकाळी काकांनी सभागृहात फोन केला, “पियानो अजून लावायचा राहिलाय का?” आणि पलीकडचं बोलणं ऐकताना त्यांनी रिसीव्हर मुद्दाम डाव्या कानाला धरला.

तुमच्याकडे माझ्यासारखं काही जुनं आलं तर ओलीत टाकू नका, अधूनमधून वाजवत जा. आणि एखादं जुनं यंत्र किंवा जुनं माणूस आता संपलं असं वाटलं, तर निकाल देण्याआधी एकदा तारा बदलून बघा.